नागपूरच्या इतवारीत एका दिवसात लग्नाची खरेदी कशी उरकावी?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून येऊन दागिने, नऊवारी, रुखवताची भांडी आणि थोडा किराणा एकाच दिवसात इतवारीत होईल का. होईल, पण क्रम चुकला की दुपारपर्यंत हात भरतात आणि सराफ्यात पोचेस्तोवर डोकं चालेनासं होतं. म्हणून आधी सोनं, मग कापड, मग भांडी, शेवटी किराणा. म्हणजे हलकं आणि महाग आधी, जड आणि स्वस्त नंतर.

गाडी आणू नका. इतवारी पायी फिरायचीच पेठ आहे, पण वाहनांना बंदी नसल्यामुळे हातठेले, दुचाक्या आणि ई-रिक्षा त्याच बोळांतून घुसतात. मेट्रोच्या ॲक्वा लाईननं अग्रसेन चौक किंवा चितार ओळी चौक स्टेशनला उतरा. बर्डीहून (सीताबर्डी) हीच लाईन मिळते. दुकानं साधारण अकराला उघडतात. रविवार टाळा, घाऊकवाले बहुतेक बंद असतात. (नाव इतवारी, सुट्टी इतवारी!) मे महिन्यात पारा 44-45 च्या घरात जातो, तेव्हा एक ते चार कुठेतरी सावलीत बसायचं.

सराफ्यात ‘आजचा भाव काय’ विचारून थांबू नका. भाव सगळीकडे जवळपास सारखाच, फरक पडतो तो घडणावळीत. ती टक्क्यांत आहे की ग्रॅममागे, हे विचारून दोन्ही पद्धतींनी एकूण आकडा काढायला लावा. मंगळसूत्रात काळ्या मण्यांचं आणि खड्यांचं वजन वजा करून निव्वळ सोनं किती, ते बिलावर वेगळं लिहून घ्या. नाहीतर मणीही सोन्याच्या भावानं घरी येतात. दागिन्यावर तीन खुणा हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, 22 कॅरेटच्या शुद्धतेचं 22K916 आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा हॉलमार्क क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून हा क्रमांक सक्तीचा आहे. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला सूट आहे. दुकानातच बीआयएस केअर ॲपमध्ये हा क्रमांक टाकून बघा. शुद्धतेबरोबर दागिन्याचा प्रकारही दिसतो. ॲप ‘अंगठी’ म्हणत असेल आणि तुमच्या हातात पेंडंट असेल, तर तो दागिना ठेवून उठा. एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी लागतो. जुनं सोनं मोडणार असाल तर ते तुमच्यासमोर गाळलं आणि तोललं जावं.

नऊवारीत मोजमाप महत्त्वाचं. नऊ वार म्हणजे 8 मीटर 23 सेंटिमीटर. ब्लाऊजपीस त्यातच आहे की वेगळा, हे आधी विचारा, नाहीतर नेसताना काष्ट्याला कापड कमी पडतं. रेशमाची शंका असेल तर पदराचा एक धागा जाळायला सांगा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्याची मात्र कडक गोळी होते. जरीचा धागा जाळून साडीच्या रेशमाबद्दल काही कळत नाही.

भांड्यांच्या दुकानात तांबं-पितळ किलोवर मिळतं, शोभेच्या वस्तू नगावर. तोलण्याआधी खोका, कागद आणि लाकडी मूठ काढायला लावा. कडी लोखंडी असेल तर तिचंही वजन पितळेच्या भावात जातं. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, पितळेला ते चिकटत नाही. पातेल्यात आंबट शिजवणार असाल तर आतून कल्हई बघून घ्या. सगळ्यात जास्त घोळ नाव कोरण्यात होतो. गर्दीत कारागीर कानावर पडेल तसं कोरतो आणि कोरलेलं भांडं कुणी परत घेत नाही. नाव, आडनाव आणि तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, भांड्यावर जागा कुठली तेही दाखवा.

किराणा ओळीत भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद घ्या. मिरची मुठीत दाबून बघा: दमट असेल तर पुण्यात पोचून बुरशी धरेल. हळद पूड न घेता हळकुंडं घ्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र येऊ नका. त्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांच्या मिरवणुका, याच भागातून निघतात, नेहरू पुतळ्याजवळ पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत सोनं सांभाळत चालणं शक्य नाही.