जलप्रलय की पूर? मनूच्या गोष्टीत तर ‘औघ’ आहे

मोहोळ तालुक्यातल्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा जो तो ‘जलप्रलय’ म्हणत होता. वर्गातल्या मुलांनी विचारलं, मनूच्या नावेच्या गोष्टीतला जलप्रलय तो हाच का? आणि तो खरंच झाला होता का? बाईंना शब्दही तपासून हवाय आणि गोष्टही.

बाई, शब्द नीट सोडवला की गोष्टीचं बरंचसं उत्तर आपोआप हाती येतं, म्हणून आधी शब्द घेतो.

‘प्रलय’मधला धातू ‘ली’. विरघळणं, मिसळून नाहीसं होणं. लय, विलय, विलीन ही सगळी त्याच घरातली. मिठाचा खडा पाण्यात जातो तसं जग आपल्या मूळ तत्त्वात जाणं म्हणजे प्रलय. या शब्दात पाण्याचा थेंब नाही, म्हणून तर ‘जल’ वेगळं जोडावं लागतं. विष्णुपुराणात प्रलयाचं वर्णन आहे, त्याची सुरुवात कशाने होते माहीत आहे? शंभर वर्षांच्या अनावृष्टीने. मग सात सूर्य तापतात, सगळं जळतं, आणि पाऊस येतो तो सर्वांत शेवटी. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या आम्हा सोलापूरकरांना हा क्रम सांगावा लागत नाही.

‘पूर’ अगदी वेगळा. ‘पॄ’ म्हणजे भरणं. पूर्ण, पुरे, पुरवणं त्यातलेच. नदी भरते तो पूर, आणि भरलेली नदी ओसरते. प्रलयाला ओसरणं नाही. सीनेचं पाणी ओसरलं, लोक घरी परतले, पंचनामे झाले. तो पूर होता, फार तर महापूर.

आता मनू. त्याच्या पुराची सर्वांत जुनी सविस्तर गोष्ट शतपथ ब्राह्मणात, म्हणजे यज्ञविधी समजावणाऱ्या एका वैदिक ग्रंथात आहे. सकाळी हात धुवायला आणलेल्या पाण्यात त्याला एक लहानसा मासा सापडतो. ‘मला वाढव, मी तुला तारीन’ असं तो म्हणतो. कशापासून, असं मनू विचारतो. मासा सांगतो, ‘औघ इमाः सर्वाः प्रजा निर्वोढा’. ओघ या सगळ्या प्रजेला वाहून नेणार आहे. इथे प्रलय हा शब्द नाही. आहे तो आपला रोजचा ओघ! पाण्याचा ओघ, बोलण्याच्या ओघात, ओघानेच आलं, गालावरचा ओघळ. आणि ‘निर्वोढा’मध्ये ‘वह्’ आहे, म्हणजे वाहणं. पाणी येतं आणि वाहून नेतं, इतकंच. पापाची शिक्षा नाही, युगान्त नाही.

याच गोष्टीतलं एक वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. माशाने ओढत नेलेली मनूची नाव उत्तरेच्या डोंगरावर पोचल्यावर मासा त्याला सांगतो, ती झाडाला बांध, आणि पाणी जसजसं उतरेल तसतसा उतर. त्या उतारालाच ‘मनोरवसर्पण’ हे नाव पडलं. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याने पूर डोळ्यांनी पाहिला असला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. सीनाकाठच्या आमच्या आत्याच्या वस्तीवर लोकांनी नेमकं हेच केलं. उंचवट्यावरच्या शाळेत थांबले, आणि पाणी एकेक पायरी सोडत गेलं तसे एकेक पायरी खाली आले. मी दिवाळीत गेलो तेव्हा बांधावरच्या बाभळीवर, माझ्या डोक्याच्याही वर, उसाचं पाचट अडकून वाळलं होतं. खालच्या रानात गुडघाभर गाळ, आणि शेजारच्याचं रान खरडून पार मुरूम उघडा पडलेला. पंचनाम्यात हे दोन वेगळे रकाने असतात: गाळ साचलेली जमीन आणि खरडून गेलेली जमीन.

हा गाळच इतिहासाचा साक्षीदार. १९२९ साली इराकमधल्या उर इथे लेनर्ड वुली यांना खोदकामात काही फूट जाडीचा स्वच्छ गाळाचा थर लागला, आणि बायबलमधला पूर सापडला असा गाजावाजा झाला. पण जवळच्याच एरिडूत तसा थर नाही. शुरुप्पाक हे तिथल्याच प्राचीन गिल्गमेश महाकाव्यातल्या पुरातून वाचलेल्या माणसाचं गाव. तिथे थर मिळाला, पण तो इ.स.पू. २९००च्या सुमाराचा, म्हणजे उरच्या थरापेक्षा कितीतरी शतकं अलीकडचा. एकच महापूर नव्हे, तर टायग्रिस-युफ्रेटिसचे वेगवेगळे पूर. हिमयुग संपताना समुद्राची पातळी सुमारे १२० मीटर चढली हे खरं आहे, पण त्याला हजारो वर्षं लागली. त्यातलं काही किनाऱ्यावरच्या लोकांच्या आठवणीत राहिलंही असेल. साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी पाणी भरल्याचा भूगर्भात मात्र कुठेही पुरावा नाही.

मग गोष्ट खोटी का? आपल्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत घ्या. पंधराव्या शतकातला दुष्काळ, पंतांनी भुकेल्यांना उघडून दिलेली बिदरच्या सुलतानाची धान्याची कोठारं, आणि त्याचे पैसे भरायला महाराच्या रूपात गेलेला विठ्ठल. विठूची पावती कुणी दाखवू शकणार नाही. पण लोक भुकेने तडफडत होते आणि कोठारं भरलेली होती, ही आठवण पोकळ नाही. मनूची गोष्ट मी अशीच वाचतो. मासा दाखवता येणार नाही, पाणी उतरेल तसं उतरायची अक्कल मात्र खऱ्या पुरातून आलेली आहे.

मनूचा ओघ प्रलय झाला तो पुढे. महाभारताच्या वनपर्वात त्याच पुराला ‘संप्रक्षालनकाल’ म्हटलंय, म्हणजे जग धुऊन काढायची वेळ. पादप्रक्षालनातलं प्रक्षालन तेच. मत्स्यपुराणापर्यंत येता येता तो कल्पान्ताशी जोडला गेला. नदीचा पूर जगाचा अंत झाला, आणि ‘हे खरंच घडलं का’ हा प्रश्न तिथेच अवघड होऊन बसला.

तेव्हा मुलांना सांगा, मनूच्या जुन्या गोष्टीत आहे तो पूर, आणि तसे पूर खरे आले होते, अनेक नद्यांना, अनेक वेळा. ‘जलप्रलय’ अतिशयोक्ती म्हणून चालेल, निबंधात खोडू नका. बातमीत मात्र मी ‘महापूर’च लिहीन. आणि बाई, तुमच्याकडच्या जुन्या माणसांना एक विचारून कळवा: ओढ्याला एकदम पाणी आलं की ती काय म्हणतात? आमच्या वस्तीवर ‘लोंढा आला’ म्हणतात. कुणी अजून ‘ओघ’ म्हणत असेल, तर मला ते ऐकायचंय.