मस्टँग म्हणजे मसल कार का? आणि जुनी मसल कार घ्यायची तर कोणती?

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत: फोर्डच्या मस्टँगलाच मसल कार (साधी गाडी, पण भल्या मोठ्या इंजिनची) म्हणतात ना, आणि अमेरिकेत राहून जुनी घ्यायची तर कोणती घ्यावी. पहिल्याचं उत्तर ‘नाही’. यावरून माझं आणि माझ्या साडूंचं नऊ वर्षं वाजतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी डेट्रॉइटजवळ राहतो, वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत. साठच्या दशकात या रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या. आजही दर ऑगस्टला जुन्या गाड्यांची रीघ लागते. ते आवाज ऐकून ऐकून मी पाँटियाक कंपनीची 1965 ची जीटीओ ही मसल कार घेतली. एकावर एक हेडलाइट, बॉनेटवर स्कूप. डीलरने अस्सल म्हणून विकली आणि मीही अस्सलच्याच भावाने घेतली.

शेजारी एक आजोबा आहेत, आयुष्य गाड्यांच्या कारखान्यात गेलेलं. त्या हिवाळ्यात ते टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकले. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, हेडच्या खाली, जिथे इंजिन कोणत्या गाडीसाठीचं ते सांगणारी दोन अक्षरं ठोकलेली असतात तिथलं काळं ग्रीस त्यांनी फडक्याने पुसलं, नखाने खरवडलं, पुन्हा पुसलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “इंजिन 389 च आहे, पण कॅटलिनातलं.” 389 म्हणजे इंजिनचा आकार, घनइंचांत; कॅटलिना म्हणजे पाँटियाकची मोठी, घरगुती गाडी.

पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे चासी नंबर पाठवला की कारखान्याच्या मूळ कागदांची प्रत मिळते. माझी आली: लेमान्स (पाँटियाकची मध्यम आकाराची गाडी), 326 चं इंजिन, ऑटोमॅटिक. डीलरने हात वर केले. दिवाळीच्या फराळाला साडू भरल्या घरात म्हणाले, “म्हणजे नकलीच की!” त्यांच्याकडे 1966 ची मस्टँग आहे, सगळे कागद प्लास्टिकमध्ये जपलेली.

आता बघा. पाँटियाकची मालक कंपनी जनरल मोटर्स, तिचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटियाकचे इंजिनियर जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 साठी पळवाट काढली: नवं मॉडेल न म्हणता टेम्पेस्ट मालिकेतल्या लेमान्सवर जादा पैशांचं पॅकेज म्हणून 389 द्यायचं. 5,000 खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी 32,450 गेल्या. म्हणजे जीटीओ जन्मली तीच लेमान्समध्ये मोठ्या गाडीचं इंजिन घालून! माझ्या गाडीत कुणीतरी तेच केलं, फक्त कारखान्याबाहेर. साडूंच्या मस्टँगमध्ये 200 घनइंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, 120 अश्वशक्तीचं. कागद शंभर टक्के खरे, गाडी देखणी, पण तिला मसल कार म्हणू नये. साधी मध्यम गाडी, त्यात भलं मोठं व्ही-8 (आठ सिलिंडरचं इंजिन), आणि कारखान्यातल्या पोराला परवडेल अशी किंमत, याला मसल कार म्हणतात. मस्टँग त्याहून लहान, तिला पोनी कार म्हणतात.

कोणती घ्यावी? 1966 पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली आणि चासी नंबर 242 ने सुरू होऊ लागला, त्यामुळे ओळख सोपी. 1964-65 ची घेत असाल तर ती जीटीओ की साधी लेमान्स हे चासी नंबरवरून कळत नाही, म्हणून कागद हातात आल्याशिवाय चेक फाडू नका. बनवलेली गाडी घ्यायला माझी अजिबात हरकत नाही, मात्र भाव बनवलेलीचाच द्या.

राहिलं ते सांगतो. 1965 च्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेकचं सर्किट एकच. एक नळी फुटली की पेडल जमिनीला टेकतं. ब्रेकचा मास्टर सिलिंडर दुहेरी, म्हणजे दोन सर्किटचा, करून घ्या, आधी ते, रंग नंतर. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 10.75 आहे, तेव्हा साधं, कमी ऑक्टेनचं पेट्रोल घातलंत तर इंजिन खडखडतं. आणि मस्टँगबद्दल इतकं बोललो खरं, पण 1968 ची, 428 घनइंचांच्या कोब्रा जेट इंजिनवाली कुणी समोर आणली तर मी वाद घालणार नाही. साडूंची ती नाही.

माझी गाडी अजून माझ्याकडेच आहे. विकलीच तर जाहिरातीत ‘लेमान्स, 389 बसवलेली’ असंच लिहीन.