हरभऱ्याच्या चाचणीत नुसती सरासरी पाहू नकोस

पहिल्या हंगामात सगळ्यांचं लक्ष हेक्टरी उत्पादनावर असतं. तू आधी झाडावरचे घाटे आणि १०० दाण्यांचं वजन मोज. दाण्याच्या वजनाची आनुवंशिकता (फरकातला वारशाने येणारा वाटा) बहुधा जास्त निघते, त्यामुळे त्यावरची निवड पुढच्या पिढीत टिकते. उत्पादनाचा आकडा जमीन आणि ओल बघून रंग बदलतो. हरभरा स्वपरागित (स्वतःच्याच परागाने फळणारा), म्हणून शुद्ध वाणाच्या आत निवडायला फारसं काही उरत नाही. विविधता बहुधा संकरातूनच आणावी लागते. देशी-काबुली संकर जरूर कर, पण मर रोगाच्या सिक प्लॉटमध्ये (रोगाची बुरशी मुद्दाम राखलेल्या रानात) संतती गाळल्याशिवाय पुढे नेऊ नकोस.

वाण वेगवेगळ्या ठिकाणी सारखा टिकतो का, ही स्थिरता तपासायला एबरहार्ट आणि रसेल यांची १९६६ची पद्धत अजूनही पुरते. सरासरी चांगली, प्रतिगमन गुणांक (परिस्थिती सुधारली की उत्पादन किती वाढतं याचं माप) १च्या आसपास आणि त्या रेषेपासूनचं विचलन शून्याजवळ, तर वाण भरवशाचा. गुणांक १च्या बराच वर गेलेला वाण ओलिताखाली उठून दिसतो, कोरडवाहूत मान टाकतो. (अहवालात मात्र तोच सगळ्यांना आवडतो!) मराठवाड्यात बराच हरभरा सोयाबीन निघाल्यावर उरलेल्या ओलीवर येतो. तेव्हा बदनापूरच्या (जालना जिल्हा) काळ्या रानाबरोबर एखादं हलकं रान आणि एक उशिराची पेरणीही धर. तुलनेला विजयसारखा रुळलेला वाण ठेव.