नवीन वर्ग मिळालाय ना, मग गृहपाठाचं आधी हे ठरव
अगं, रात्री दहाला ग्रुपवर गृहपाठ टाकू नकोस. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्या पालकांना तो वेळेवर दिसतच नाही आणि मूल सकाळी रडत येतं. त्यापेक्षा शाळा सुटायच्या आधी १० मिनिटं काढ, फळ्यावर लिही, मुलांना डायरीत उतरवू दे आणि स्वतः बाकांमधून फिरून बघ, कारण पान ३४ चं ४३ होतं, माझ्या वर्गात दरवर्षी होतं. दुसरीपर्यंत तर देऊच नकोस, केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत तेच आहे, तिसरी ते पाचवी आठवड्याला फार तर २ तास. आणि जूनच्या पालकसभेत स्पष्ट सांग, ‘ताई, चुकलं तरी चालेल पण मुलालाच लिहू द्या, मला त्याची चूक बघायचीय.’