संशोधनात जायचंय, मग नीट रिपीट कशाला?

प्रश्न : मी औसा तालुक्यातला शेतकरी. मुलगी लातूरला बारावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवलंय. दोन वर्षांपूर्वी तिचे चुलते ट्रॅक्टरखाली आले आणि पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. शिबिरात कृत्रिम पाय मिळाला, पण ते घालत नाहीत, बाजेखाली पडून आहे. तेव्हापासून पोरगी म्हणते, मला अशी साधनं तयार करणाऱ्या संशोधकांत जायचंय. त्यासाठी आधी डॉक्टर व्हावं लागेल ना? यंदा नीटला कमी पडले तर रिपीट करू का? आणि यात पोट भरतं का?

उत्तर : नमस्कार. तिला खरोखर एमबीबीएस करायचं असेल तर एक वर्ष जरूर द्या. पण नुसतं संशोधनासाठी म्हणून रिपीटच्या बॅचला बसवू नका. या कामात डॉक्टर लागतात, पण ते टीममधले एक. बाकी मेकॅनिकल-इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, फिजिओथेरपिस्ट, रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, डिझायनर आणि माप घेऊन कृत्रिम अवयव बसवणारे प्रोस्थेटिस्ट असतात.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते बाजेखालचं वाक्य. पाय असा पडून राहतो तेव्हा बऱ्याचदा गडबड सॉकेटची असते, म्हणजे उरलेली मांडी ज्यात बसते त्या भागाची. ऑपरेशननंतर काही महिन्यांत सूज उतरते, स्नायू रोडावतात, मांडीचा घेर कमी होतो. आधी नीट बसलेला सॉकेट ढिला पडतो, घासतो, कातडी सोलते. त्यात उन्हाळ्याचा घाम. वावरातली ढेकळं, पावसाळ्यात चिकटणारी काळी माती, जेवायला खाली बसणं, हे तर शिबिरातल्या फरशीवर चार पावलं चालवून कळतच नाही. चुलत्यांना सॉकेट बदलून मिळू शकतो. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे दाखवा. पोरीला सोबत न्या. माप कसं घेतात, प्लास्टरचा साचा कसा काढतात, हे तिनं एकदा डोळ्यांनी बघू द्या. कुठल्याही समुपदेशकापेक्षा तिला तिथं जास्त कळेल (मी धरून).

संशोधन म्हणजे तरी काय? 1968 साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 'जयपूर फूट' हा कृत्रिम पाय घडवला, कारण बाहेरून आलेल्या पायावर बूट घालावाच लागे आणि उकिडवं बसता येत नसे. अलीकडे आयआयटी मद्रासमध्ये प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या टीमनं 2019 मध्ये उभं राहता येणारी 'अराइज' व्हीलचेअर आणली, 2022 मध्ये 'कदम' हा कृत्रिम गुडघा. साधा गुडघा एकाच अक्षावर वळतो, ठेच लागली की दुमडायची भीती. 'कदम'ला एकाहून जास्त अक्ष आहेत, त्यामुळे भार पडताना तो जास्त स्थिर राहतो. शिवाय 160 अंशांपर्यंत वाकतो, म्हणून बसच्या सीटवर किंवा रिक्षात नीट बसता येतं. चुलत्यांचा पाय गुडघ्याच्या वरून गेलाय, त्यामुळे या गोष्टी पोरीला लगेच समजतील.

आता वाटा. तिला माणसाशी काम करायला आवडतं की यंत्राशी, हे आधी तिलाच विचारा. माणसाशी असेल तर प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्सची (कृत्रिम अवयव आणि हातापायांना आधार देणारी साधनं बनवून बसवण्याची) पदवी, चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप. माझं मत विचाराल तर या पोरीला हीच वाट शोभते, आणि आपल्याकडे तिचं नावही कुणी घेत नाही. हाजी अलीच्या संस्थेत हा कोर्स आहे, कटक आणि कोलकात्याच्या राष्ट्रीय संस्थांतही आहे. पदवीनंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. फिजिओथेरपी तुम्हाला माहीत असेलच. तिथं नीटचे गुण लागतात, म्हणजे आजवरचा अभ्यास वाया जात नाही.

यंत्राशी असेल तर नांदेडचं गुरु गोबिंदसिंघजी कॉलेज घरापासून फार लांब नाही. तिथून मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन करून 'गेट' ही एमटेकची प्रवेश परीक्षा द्यायची आणि बायोमेडिकलमध्ये एमटेक. आयआयटी मद्रासचा मेडिकल सायन्सेस अँड इंजिनिअरिंगचा चार वर्षांचा बीएस हा पदवी कोर्स आहे. त्याला जेईई नाही, आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा लागते. त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी चारही विषय असतात. तुमच्या मुलीनं दोन्ही ठेवलेत, तर तिथं तिची बाजू भक्कम.

पोटाचं स्पष्ट सांगतो. प्रोस्थेटिस्ट, फिजिओ, इंजिनिअर यांना दवाखाने आणि कंपन्यांत नोकऱ्या आहेत, पण सुरुवातीचा पगार बेताचाच. संशोधनातली बरीच पदं प्रोजेक्टपुरती, कंत्राटी. पीएचडी करताना ज्युनियर रिसर्च फेलोशिप (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत. त्यात शिकताना घरावर भार पडत नाही. डॉक्टरकीसारखा पैसा मात्र इथं धरून चालू नका.

राज्याच्या सीईटीचे पीसीएम (गणिताचा) आणि पीसीबी (बायोलॉजीचा) दोन्ही ग्रुप भरा. आयएटी आणि कटक-कोलकात्यासारख्या राष्ट्रीय संस्थांच्या सीईटीचे फॉर्म वेगळे निघतात. त्यांच्या तारखा नीटचे क्लासवाले सहसा सांगत नाहीत, तेवढं तुम्हालाच बघावं लागेल.