"आमच्यात कधी भांडण झालं नाही"

भजनी मंडळ असो, लेझीम पथक असो की कॉलनीतला हौशी गाण्यांचा ग्रुप, तो चालवणारं माणूस सल्ला घ्यायला माझ्यासमोर बसलं की दुखणं बहुधा एकच निघतं: "मी एवढा जीव ओतते, तरी माणसं का टिकत नाहीत?" त्यावर मी हल्ली अक्कांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी देवळाच्या मंडपात बायकांचं भजनी मंडळ सुरू केलं. एकोणीस जणींच्या दहा उरल्या होत्या. आषाढात शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापुरात येते, तेव्हा सेवा द्यायची, आणि टाळ धरायला हात कमी. "काय चुकायलंय माझं, मॅडम? आमच्यात कधी भांडण झालं नाही. कुणी उलटून एक शब्द बोललं नाही," असं म्हणताना त्यांचा गळा दाटून आला.

मला मात्र त्यांचं हेच वाक्य खटकलं. अकरा वर्षं, एकोणीस बायका, आणि एकीनेही कधी "हे मला पटलं नाही" म्हणू नये?

दुसऱ्या भेटीला त्या हजेरीची वही घेऊन आल्या. वेळेवर आलेलीला निळी टिकली, उशिरा आलेलीला लाल, आणि लाल टिकलीला दहा रुपये दंड. एका नावापुढे लाल टिकल्यांची रांगच होती. पान उलटलं तर त्या नावापुढे काहीच नाही.

"ह्या कोण?"

"बिडीवाली. आवाज फार गोड तिचा. पण वेळेची शिस्त नाही."

सराव दुपारी चारला. वळलेल्या बिड्या कारखान्यात द्यायच्या तर रांग लागते, माल तपासून छाट, म्हणजे नापास बिड्या, बाजूला काढतात, मगच सुटका होते. ती बाई तिथून तडक मंडपात यायची, दहाची नोट डब्यात टाकायची आणि मागे बसायची. एकदा तिची चाल चुकली, तेव्हा अक्कांनी पेटी थांबवून सगळ्यांसमोर तिच्या एकटीकडून ती ओळ चार वेळा म्हणून घेतली. हे मला अक्कांनीच सांगितलं, शिकवण्यातली तळमळ म्हणून. सांगता सांगता मध्येच त्या गप्प झाल्या.

१९९६ साली एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने दवाखान्यांतल्या वॉर्डांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या वॉर्डांत चांगला मेळ होता, तिथे औषध देण्यातल्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. तिथल्या नर्स चूक लपवत नव्हत्या, मोकळेपणाने सांगत होत्या, असा त्याचा अर्थ तिने लावला. अक्कांना मी हे सांगितलं आणि म्हटलं, तुमच्या मंडळात बायका बोलायच्या नाहीत, थेट यायच्याच बंद व्हायच्या.

त्यांनी लगेच दुसरं टोक गाठलं. "मग शिस्तच सोडून देऊ का?" मुळीच नको. ताल सुटला तर सुटला म्हणायलाच हवं. बेसूर भजनाला नुसतं गोड गोड म्हणत राहिलं, तर मन लावून शिकणाऱ्या बायका आधी जातात, हेही मी पाहिलं आहे. प्रश्न आहे तो कुठे आणि कसं सांगायचं याचा. चाल सगळ्यांनी मिळून घोटावी. एकीची चूक सराव संपल्यावर तिच्याजवळ बसून सांगावी. आणि अक्कांचं चुकलं तर ते सांगायची वाटही तितकीच सोपी हवी.

मी त्यांना एकच काम दिलं: त्या बाईच्या घरी जायचं, पण परत ये म्हणायचं नाही. फक्त विचारायचं, "कोणत्या दिवशी यायला नको वाटलं?" उत्तर ऐकताना मध्ये बोलायचं नाही, सफाई द्यायची नाही.

अक्का गेल्या. ती सुपात तंबाखू घेऊन बिड्या वळत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "दंडाचं काही नाही अक्का. त्या दिवशी माझी सून आली होती ऐकायला."

हे सांगताना अक्का माझ्यासमोर बराच वेळ रडल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थांबले. वारकरी भेटला की समोरच्याच्या पाया पडतो, मग तो वयाने लहान का असेना. आपण अकरा वर्षं फक्त पाया पडून घेतले, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

पुढचे बदल छोटे होते. दंड बंद. सरावाची वेळ सगळ्यांना विचारून साडेपाच केली, आणि नळाला पाणी येण्याच्या दिवशी सुट्टी, कारण सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय हे बाईलाच ठाऊक. कार्यक्रमाच्या मानधनाचा हिशोब महिन्यातून एकदा मोठ्याने वाचायचा. आठवड्यातून एकदा चक्री भजन, म्हणजे एकीमागून एक प्रत्येकीने अभंग धरायचा. त्यामुळे माईकपुढच्या ठरलेल्या चौघी जरा नाराज झाल्या, एक तर सोडूनही गेली. अक्कांना ते लागलं, पण त्यांनी चक्री भजन बंद केलं नाही.

गेलेल्यांपैकी तिघी परतल्या. बिडीवाली सर्वांत शेवटी आली.

पालखीच्या आधी अक्कांचा फोन आला, आवाज चढलेला. सराव चालू असताना मागून कुणीतरी म्हणालं होतं, "अक्का, तुमची काळी पाच आम्हाला पोचत नाही, घसा फाटतोय." दोघी-तिघींनी लगेच मान डोलावली. काळी पाच म्हणजे पेटीवरची उंच पट्टी. अकरा वर्षं सगळ्या जणी अक्कांच्याच पट्टीत गात होत्या.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"काय करणार? पेटीवर काळी तीन धरली. मला फार खाली जातंय हो," त्या म्हणाल्या, "पण काल पहिल्यांदा मागच्या रांगेचा आवाज ऐकू आला."