टोकामॅकमधला प्लाझ्मा जोरात फिरवला, तर ऊर्जा जास्त वेळ टिकते का?

टिकते, पण श्रेय नुसत्या वेगाचं नाही. (टोकामॅक म्हणजे अणुसंमीलनासाठी प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवणारं मेदूवड्याच्या आकाराचं यंत्र.) मी मुंबईतल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो, आणि वर्गातही पोरं नेमकी इथेच फसतात.

टोकामॅकमधून उष्णता निसटते ती मुख्यतः प्लाझ्मातल्या छोट्या भोवऱ्यांमुळे. ते आतलं गरम बाहेर नेतात, बाहेरचं थंड आत आणतात. आता दादरहून अंधेरीकडे शेजारच्या रुळांवरून निघालेल्या दोन लोकल आठवा. दोघींचा वेग सारखा असेल, मग तो कितीही असो, तर खिडकीतून खिडकीत गप्पा चालतात. फास्ट पुढे सरकली की वाक्य अर्ध्यावर तुटलं! भोवऱ्याची एक कड वेगवान थरात आणि दुसरी संथ थरात सापडली की तो असाच ताणला जाऊन फाटतो. अख्खा प्लाझ्मा एकाच लयीत फिरला तर भोवऱ्यांना त्याची फिकीर नसते.

थरांच्या वेगातला हा फरक घडवतं प्लाझ्मातलं विद्युत क्षेत्र. फिरण्याचा त्यात वाटा असतो, तसाच दाबाच्या उताराचाही. १९८२ साली जर्मनीतल्या गार्शिंगच्या आसडेक्स यंत्रावर फ्रिट्झ वाग्नर यांना एच-मोड, म्हणजे ऊर्जा जास्त टिकवणारी प्लाझ्माची अवस्था, सापडला. त्यात प्लाझ्माच्या कडेला वेगातल्या अशाच फरकाचा एक पातळ थर तयार होतो आणि ऊर्जा टिकण्याचा काळ साधारण दुप्पट होतो.

प्लाझ्मा फिरवतात न्यूट्रल बीमने: विद्युतभार नसलेले वेगवान अणू तिरके आत सोडायचे, ते तापवतातही आणि ढकलतातही. अमेरिकेतल्या डीथ्री-डी यंत्रावर एक बीमलाइन चक्क उलट्या दिशेने वळवून बसवली, म्हणजे तापवणं तेवढंच ठेवून ढकलणं कमी करता येईल. तसं केल्यावर बऱ्याच प्रयोगांत ऊर्जा टिकण्याचा काळ घटला.

म्हणूनच फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या आयटर या प्रचंड टोकामॅकची मला जास्त काळजी वाटते. डीथ्री-डीचे बीम सुमारे ८० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे, आयटरचे १० लाखांचे. कणाची ऊर्जा वाढली की तेवढ्याच मेगावॅटमागे मिळणारा धक्का तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे इथे साधारण साडेतीन पटींनी कमी. त्यात प्लाझ्मा ८०० घनमीटरांहून मोठा. आणि फिरणं फारच मंदावलं तर दुसरंच लचांड: प्लाझ्मातली चुंबकीय बेटं, म्हणजे चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळल्याने बनलेले बंद पट्टे, जागच्या जागी अडकून बसतात आणि कधीकधी सगळा शॉटच, म्हणजे प्रयोगाची ती फेरीच, कोसळतो.

दिलासा एवढाच की प्लाझ्मा आपणहूनही फिरतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या अल्केटर सी-मॉड या टोकामॅकवर बीमचा धक्का न देता, नुसत्या रेडिओ लहरींनी तापवल्यावरही तो फिरू लागला, आणि साठलेली ऊर्जा वाढली की त्याचा वेगही वाढायचा.